पोट बघितल्याशिवाय नाव ठेवू नका : जमिनीवरचा मोठा वुल्फ स्पायडर कसा ओळखायचा

‘ताई, हा कुठला? विषारी आहे का?’ आणि खाली फोटो. फोटो उभ्यानंच वरून काढलेला, फ्लॅशमुळे कोळ्याच्या पाठीवर पांढरा गोळा उठलेला आणि अंदाज यावा म्हणून शेजारी कुणाची तरी चप्पल. पाऊस ओसरला की महिना-दीड महिना माझा फोन अशा फोटोंनी भरून जातो. तोवर खाली कुणीतरी ‘टॅरंटुला आहे, लांब राहा’ असं लिहून मोकळा झालेला असतो. त्याच्याखाली एखादा हुशार ‘लायकोसा टॅरंटुला’ असं पूर्ण शास्त्रीय नाव ठोकून देतो. पहिला घाबरून चुकतो, दुसरा अ‍ॅप बघून.

लायकोसा टॅरंटुला आपल्याकडे नाहीच. तो भूमध्य समुद्राच्या काठचा कोळी. इटलीतल्या टारांटो गावावरून त्याला ते नाव पडलं आणि तो चावला तर नाचल्याशिवाय विष उतरत नाही अशी तिथं समजूत होती. टारांटेला हा नाच त्यातूनच आला म्हणतात. पुढे युरोपातल्या लोकांनी अमेरिकेत जाऊन तिथल्या जाड, केसाळ कोळ्यांना तेच नाव दिलं आणि आता जगभर टॅरंटुला म्हणजे ते केसाळ कोळी. म्हणजे मूळचा टॅरंटुला हा एक वुल्फ स्पायडर, आणि आज ज्याला टॅरंटुला म्हणतात त्याचा वुल्फ स्पायडरशी फार लांबचा संबंध. गोंधळ इथूनच सुरू होतो.

आता कामाचं. आपल्या माळांवर, टेकड्यांवर, शेताच्या बांधावर दिसणारा मोठा वुल्फ स्पायडर, ज्याला काही जण लांडगा कोळी म्हणतात, साधारण असा असतो : नुसतं धड १५ ते २५ मिलिमीटर, पाय पसरले की चहाच्या कपाच्या तोंडाएवढा, रंग मुरमाचा. पळतो जोरात. पकडण्यासाठी जाळं विणत नाही, सावजाच्या अंगावर धावून जातो. या कुळाचं नाव लायकोसिडी. जगात त्याच्या २,४०० हून जास्त जाती आहेत. हा आकडा मुद्दाम देतेय, कारण ‘फोटो पाठवते, जात सांगा’ म्हणणाऱ्यांना तो माहीत नसतो.

शोधायचं कसं

रात्री, टॉर्च घेऊन. टॉर्च कपाळावर बांधायची, हातात नाही. या कोळ्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो आणि तो उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतो. टॉर्च कमरेशी धरली तर चमक कमरेला दिसेल, तुम्हाला नाही. कपाळावर लावली की पंधरा-वीस पावलांवरूनही गवतात हिरवट-निळसर ठिपका दिसतो. दवही चमकतं, पण दव लुकलुकतं, तुम्ही हललात की रंग बदलतं. कोळ्याचा ठिपका ठाम असतो. एकाच जागी मोहरी सांडल्यासारखे बारीक बारीक ठिपके दिसले तर तिथं पाठीवर पिल्लं घेतलेली मादी बसली आहे. तिला पकडायचं नाही, फक्त बघायचं.

पायात बूट हवेत. ज्या मुरमाड माळांवर हे कोळी मिळतात तिथंच फुरसंही असतं आणि त्याचे डोळे असे दुरून खुणावत नाहीत. बिळात बोट घालू नका, हे सांगावं लागतं याचंच मला वाईट वाटतं.

बिळाबद्दल थोडं. वुल्फ स्पायडरचं बीळ गोल, काठाला रेशमाचं अस्तर, कधी काठावर गवताच्या काड्या नि खडे चिकटवून केलेला छोटा कठडा. झाकण नसतं. चपटं, आडवं, अर्धचंद्रासारखं तोंड दिसलं तर ते बहुधा विंचवाचं, तिथून उठा. गोल बिळावर रेशमाची पांढरट झालर पसरलेली असेल तर टॅरंटुला असू शकतो. बिळात पाणी ओतून कोळी बाहेर काढा असा सल्ला देणारे लोक अजून आहेत. त्यांना एकच विचारावं : तुमच्या घरात कुणी बादली ओतली तर तुम्ही फोटोसाठी हसाल का? गवताची लांब काडी आत हळूच फिरवा. कोळी काडीशी भांडायला वर येतो. दोन वेळा आला नाही तर पुढच्या बिळाकडे जा.

आधी कूळ, आणि ते डोळ्यांवरून

इथं फार वेळ घालवू नका, कारण हे सोपं आहे. समोरून, अगदी जमिनीलगत फोन ठेवून एक फोटो काढा. आठ डोळे तीन ओळींत दिसले पाहिजेत : खाली चार बारीक, तांदळाच्या कण्या ओळीनं मांडल्यासारखे. त्यांच्या वर दोन मोठ्ठे, एसटीच्या हेडलाइटसारखे. आणि त्यांच्या मागे, डोक्याच्या कडांना, दोन मध्यम. चार-दोन-दोन. हे जमलं की कूळ झालं.

न जमणारे बहुतेक फोटो याच तीन-चार जणांचे असतात. घराच्या भिंतीवर, फोटोफ्रेमच्या मागे बसणारा चपटा, लांब पायांचा कोळी म्हणजे हंट्समन. त्याला सपाट भिंतीवर चढता येतं, वुल्फ स्पायडरला काचेवर किंवा बाथरूमच्या टाइल्सवर सहसा चढता येत नाही. हंट्समनची मादी अंड्यांची पांढरी चपटी चकती पोटाखाली धरून हिंडते. टॅरंटुलाचे आठही डोळे डोक्यावरच्या एका छोट्याशा उंचवट्यावर दाटीवाटीनं बसलेले असतात, हेडलाइट नसतात. पाणथळ जागी, ओढ्याकाठी दिसणारे नर्सरी वेब स्पायडर दिसायला अगदी भावंडं वाटतात, पण त्यांच्या डोळ्यांत मोठी जोडी नसते आणि मादी अंडी जबड्यात धरते. कोकणातल्या दाट झाडीत दोन-चार-दोन अशी मांडणी दिसली तर तो तिसऱ्याच कुळातला. एवढं पुरे.

अंड्यांची पिशवी हा तर आयता पुरावा. वुल्फ स्पायडरची मादी वाटाण्याएवढी गोल पिशवी शेपटाशी, म्हणजे रेशीम सोडणाऱ्या नळ्यांना, चिकटवून ओढत हिंडते. पिशवीला मध्यावर शिवण असते. पिल्लं व्हायच्या वेळी ती ही शिवण जबड्यानं उसवते आणि पिल्लं तिच्या पाठीवर चढून बसतात. सकाळी उन्हं आली की बिळात राहणारी मादी पिशवी बिळाच्या तोंडाशी आणून उन्हात धरते. हे एकदा तरी बघा. ओळखण्यासाठी नाही, असंच.

हिप्पासाचा अपवाद

जाळं दिसलं म्हणून वुल्फ स्पायडर नाही असं ठरवून टाकू नका. हिवाळ्याच्या सकाळी गवतावर दवानं पांढरे झालेले, एका कडेला नळीसारखा बोगदा असलेले जाळ्याचे तुकडे आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या नळीत बसलेला बऱ्याचदा हिप्पासा असतो, आणि तो लायकोसिडीचाच, जाळं विणणारा. शेपटाकडून दोन लांब नळ्या बाहेर डोकावतात, त्यावरून कळतो. मात्र मोठा, बिळात राहणारा, माळावर पळणारा जो आपण शोधतोय तो हा नाही.

आता खरा त्रास

कूळ कळलं. पुढे जात. बहुतेक सगळे इथं पाठीवरची नक्षी काढून बसतात : पाठीवर मधोमध फिकट पट्टा, दोन बाजूंनी गडद, पोटाच्या वरच्या बाजूला बाणासारख्या खुणा. मग ही नक्षी पुस्तकातल्या चित्राशी जुळवतात. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं.

जेजुरीच्या पुढे मोरगावच्या रस्त्याला एका मुरमाड माळावर मला एक देखणी कोळीण मिळाली होती. चेहऱ्याचे, पाठीचे, बाजूचे असे चाळीसेक फोटो. पुस्तकात शोधता शोधता सापडलं : लायकोसा पूनाएन्सिस. तिकादर आणि मल्होत्रा यांनी १९८० साली नाव दिलेली जात. नाव पुण्याचं, मी पुण्याची, कोळी पुणे जिल्ह्यातला, नक्षीही जुळतेय. आणखी काय हवं? मी खाली तारीख नि जागा टाकून, मोठ्या ऐटीत, कोळ्यांवर काम करणाऱ्या एका अभ्यासकांना फोटो पाठवले. उत्तर आलं दोन शब्दांचं : ‘पोट कुठाय?’

पोटाचा फोटो नव्हता. पुन्हा गेले, तेच बीळ, तीच कोळीण. या वेळी पोट काढलं. उत्तर आलं : ‘ही अजून वयात आलेली नाही. हिला नाव देता येत नाही. कुणालाच.’

त्या दिवशी मला राग आला होता. आता तेच उत्तर मी दुसऱ्यांना देते.

पाठीची नक्षी खोटं का बोलते, तर ती बहुतांशी केसांची असते. कात टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी कोळी नव्या नोटेसारखा कोरा करकरीत दिसतो. महिनाभर बिळात आत-बाहेर केलं की केस झिजतात आणि पट्टा विरतो. ओल्या मातीतून आलेला कोळी काळा दिसतो, मुरमातून आलेला लाल. एकाच मादीची दोन पिल्लं मोठी होऊन वेगळी दिसतात आणि दोन वेगळ्या जातींचे कोळी एकसारखे दिसतात. जुळवायला बसलात की मेंदू जुळवून देतोच. पत्रिका जुळवणाऱ्यांचंही असंच असतं.

नाव ठरतं ते मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला असलेल्या एका छोट्या पट्टीवरून. तिला एपिगाईन म्हणतात. कोळ्याला उलटं धरलं तर कंबरेपासून थोडं मागे, पोटाच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना दोन फिकट ठिगळं दिसतात, ती श्वासाची. त्यांच्या मधोमध हे एपिगाईन. कडक, चकाकणारं, गडद तपकिरी. मोठ्या कोळिणीतही फार तर दीड-दोन मिलिमीटरचं. लायकोसा, म्हणजे कुळातला हा एक गट, आणि तिच्या जवळच्या गोतावळ्यात ते पुष्कळदा उलट्या ‘टी’सारखं दिसतं : दांडा पुढे, आडवी पट्टी मागे. ही पट्टी किती रुंद, दांडा किती बारीक, कडा कशा वळलेल्या, यावर जात ठरते. प्रत्येक जातीचं कुलूप वेगळं आणि तिच्या नराचीच किल्ली त्यात बसते, असं समजा.

वयात न आलेल्या मादीला हे नसतंच. तिथं साधी कातडी असते, फार तर अंधुक डाग. एक कात बाकी असलेल्या मादीत जागा किंचित फुगलेली दिसते आणि लोक तिलाच एपिगाईन समजतात. कडक, चमकदार, ठळक कडा नसेल तर ते नाही. उलट एकदा मादी वयात आली की पुढे ती कात टाकत नाही, म्हणजे मिळालेला आकार कायमचा. नरात काम सोपं : तोंडापुढच्या दोन आखूड पायांसारख्या अवयवांची, म्हणजे पाल्पची, टोकं मुठीसारखी फुगलेली असतात. ती फुगलेली नसतील तर तो पोरगा आहे, सोडून द्या. फुगलेली असतील तर त्यांचाच खालून फोटो घ्या.

जिवंत कोळ्याचं पोट कसं बघायचं

मी तीन पद्धती करून बघितल्या. दोन वाईट निघाल्या.

पहिली वाईट : फ्रिज. ‘दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, गार होऊन शांत बसतो’ हा सल्ला सगळीकडे आहे. गार होतो खरा. पण बाहेर काढल्यावर डबीला आतून वाफ धरते, फोटोत धुकं येतं आणि पुसेपर्यंत तो पळायला तयार होतो. शिवाय एकदा मधेच फोन आला आणि मी विसरले. त्या कोळ्याचं काय झालं ते लिहीत नाही. तेव्हापासून माझ्या घरी फ्रिजमध्ये फक्त भाजी.

दुसरी वाईट : प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटांनी दाबायचं. बोटाला अंदाज येत नाही. पाय तुटतो. कोळी संकटात पाय स्वतःहूनही सोडतात. वयात न आलेल्याला पुढच्या काती टाकताना तो परत येऊ शकतो, पण वयात आलेल्या मादीला येत नाही. माझ्यामुळे एक मादी सात पायांची झालेली आहे. मी त्या माळावर गेले की अजून तो कोपरा टाळते.

तिसरी, जी मी आता करते : एकात एक बसणाऱ्या दोन पारदर्शक डब्या. बाहेरच्या डबीचा तळ अगदी सपाट नि स्वच्छ हवा, त्यावर कंपनीचं नाव उमटवलेलं नको. आतल्या डबीच्या तळाला बाहेरून भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा चिकटवा. खरखरीत हिरवी बाजू कापून टाका आणि स्पंज आधी साध्या पाण्यानं दोनदा धुऊन वाळवा, कारण नव्या स्पंजला कधी कधी साबणाचा अंश असतो. कोळी बाहेरच्या डबीत सोडा. तो तळावर उभा राहील, म्हणजे त्याचं पोट तळाकडे. आता स्पंजवाली डबी वरून हळूहळू आत घाला. कोळी पाय पसरेल आणि थांबेल. तो थांबला की तुम्हीही थांबा. इथंच सगळे चुकतात. ‘अजून थोडं’ म्हणून दाबतात. फोटो चांगला यावा म्हणून दाबायचं नसतं, पळू नये एवढंच दाबायचं असतं. डबी डोक्याच्या वर धरा आणि खालून बघा.

दोन मिनिटांत संपवा. उन्हात अजिबात नको, डबी तव्यासारखी तापते. पिशवी चिकटलेली मादी असेल तर स्पंज नको. तिला उंच डबीत ठेवून ती कडेनं उभी राहील तेव्हा बाजूनं बघा, मिळालं तर मिळालं. धावपळीत पिशवी निसटली तर घाबरू नका. ती तिच्यासमोर ठेवा, तीच उचलून परत चिकटवते. पिशवी हरवलेली मादी कापसाची गोळीसुद्धा उचलून चिकटवते, हे मी पाहिलंय, आणि ते बघून हसावं की नाही ते मला कळलं नव्हतं. पाठीवर पिल्लं असतील तर डबी तुमच्या बॅगेतच राहू द्या.

फोटोसाठी मोबाइलवर चिकटणारं साधं मॅक्रो भिंग चालतं. फ्लॅश बंद. एपिगाईन चकाकतं आणि डबीही चकाकते, त्यामुळे सरळ उजेडात दोन्हींची चमक एकमेकांत मिसळून पांढरा ठिपका उरतो. टॉर्चवर टिश्यू पेपर गुंडाळून उजेड बाजूनं, तिरका द्या. तिरक्या उजेडात कडांच्या सावल्या पडतात आणि तो उलटा ‘टी’ एकदम उठून येतो. वीस फोटो काढा, त्यातले दोन कामाचे निघतील. त्याच वेळी पोटाचा पूर्ण फोटोही घ्या : खालची बाजू काळी आहे का, करडी आहे का, पायांच्या मुळाशी कुठला रंग आहे. डबीखाली शाळेचा आलेख कागद धरून एक फोटो घ्या, म्हणजे मिलिमीटर आपोआप मिळतील आणि चपलेची गरज उरणार नाही. लांबी धडाची मोजायची, पाय सोडून. ‘चार इंची कोळी’ म्हणणाऱ्या माणसानं पाय धरलेले असतात, हे मी आता न विचारता गृहीत धरते.

पोट मिळालं. मग नाव?

मिळेलच असं नाही, आणि इथं मी ठाम आहे. एपिगाईनचा चांगला फोटो असूनही बरेचदा आतली रचना बघावी लागते. त्यासाठी मेलेला, अल्कोहोलमध्ये ठेवलेला नमुना उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. ते काम आकुर्डीतल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रासारख्या ठिकाणचं. तिथं नमुने वर्षानुवर्षं जपून ठेवलेले असतात. आपण हौशी माणसांनी नावासाठी कोळी मारायचा नाही. मयूरेश्वर किंवा इतर अभयारण्यांत तर वन खात्याच्या परवानगीशिवाय काही पकडायचंही नाही, वर सांगितलेल्या डबीतसुद्धा नाही.

दुसरी अडचण कागदावरची. आपल्याकडच्या मोठ्या जाती ‘लायकोसा’ नावाच्या एका मोठ्या गोणीत भरलेल्या आहेत. खऱ्या अर्थानं लायकोसा म्हणजे टारांटोवाल्याचे सगेसोयरे, आणि आपल्याकडचे किती जण त्या घरचे आहेत हे नीट तपासायचं बाकी आहे. गोऱ्या साहेबांच्या काळात पोकॉकनी काही नावं दिली, १९२४ साली ग्रेव्हलीनं दिली, १९८० साली तिकादर-मल्होत्रा जोडीनं पुष्कळ दिली. महाबळेश्वराच्या नावानंही एक आहे, लायकोसा महाबळेश्वरेन्सिस. तेव्हा महाबळेश्वरला दिसला म्हणून तोच, हे माझ्या पूनाएन्सिससारखंच होईल. नावात गाव असलं म्हणून गावात दिसणारा प्रत्येक जण त्या घरचा होत नाही. सदाशिव पेठेत उतरलेला प्रत्येक माणूस पेठकर नसतो.

जुळवायचंच असेल तर स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्गसंग्रहालयातून चालणाऱ्या वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगवर जा. नाव नोंदवलं की जुन्या लेखांतली मूळ चित्रं बघायला मिळतात. तुमचा एपिगाईनचा फोटो आणि मूळ चित्र शेजारी ठेवा. पाठीचं चित्र झाकून ठेवा. खरंच, हातानं झाका.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक परिच्छेद

भाची उत्तर कॅरोलिनात असते आणि तिच्या गॅरेजमधून मला फोटो येतात. तिथं प्रकरण जरा सोपं आहे, कारण तिथल्या मोठ्या जातींवर काम जास्त झालंय. कॅरोलिना वुल्फ स्पायडर, होग्ना कॅरोलिनेन्सिस, दक्षिण कॅरोलिनाचा २००० सालापासून राज्य-कोळी आहे. तिथल्या मोठ्या वुल्फ स्पायडरमध्ये त्याची खूण म्हणजे काळं कुळकुळीत पोट, खालच्या बाजूनं. जबड्याच्या पुढच्या बाजूला नारिंगी झाक आणि छातीच्या पाठीकडच्या बाजूला ठळक पट्टा नाही. तिथं दोन गडद पट्टे असतील तर तो रॅबिडोसा, वुल्फ स्पायडरचाच दुसरा गट. मधोमध बारीक फिकट रेघ असेल तर टायग्रोसा या तिसऱ्या गटाकडे वळा. इथं रंगावरून बरंच साधतं, आणि तरी लक्षात घ्या की तिथंही सगळ्यात कामाची खूण पोटाखालीच आहे. भाचीलाही मी पहिल्यांदा तेच विचारलं होतं : पोट कुठाय?

चावतो का, हे विचाराल म्हणून. हातात दाबला तर चावतो. दुखतं, सुजतं, मधमाशीच्या आसपास. ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी डॉक्टरकडे जावं. जीव जात नाही. मला दोन वेळा चावलाय, दोन्ही वेळा चूक माझी होती, दोन्ही वेळा मी डबी घरी विसरले होते.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, जागा, जमीन कशी होती, बीळ होतं की उघड्यावर, धडाची लांबी, नर की मादी, वयात आलेली की नाही, पोटाचा फोटो आहे की नाही. सगळ्यात शेवटी नाव, आणि तेही जेवढं हातात आहे तेवढंच. माझ्या वहीत गेल्या पावसाळ्यानंतरच्या तेवीस नोंदी आहेत. त्यांतल्या अठरांपुढे ‘लायकोसा, जात अनिश्चित’ असं लिहिलंय, चारांपुढे ‘पिल्लू’, आणि एका ओळीपुढे नाव आहे. तेही पेन्सिलीनं.

काम झालं की कोळी जिथून घेतला त्याच बिळाशी सोडा, दहा पावलं पलीकडे नाही. बिळात राहणाऱ्या मादीला घर बदलणं सोपं नसतं, नवीन खणायला ताकद लागते. डबी बिळाच्या तोंडाशी आडवी ठेवा, झाकण काढा, टॉर्च विझवा आणि दोन पावलं मागे सरा. ती लगेच आत जात नाही. थोडा वेळ डबीच्या काठावर पुढचे दोन पाय ठेवून थांबते, मग एकदम दिसेनाशी होते. डबी उचलताना आत एकदा बघून घ्या. स्पंजमध्ये कधी कधी दुसराच, बारीक कोळी येऊन बसलेला असतो.